पाठपिशवीतला नॅस: सतत फिरणाऱ्यांनी साठवण कशी जमवावी?

पायाला_भिंगरी

नमस्कार मंडळी,

महिन्यातले पंधरा-वीस दिवस आमचे घराबाहेर जातात. आम्ही दोघं. मी कॅमेरा सांभाळतो, ती आवाज. मुलाखती, कामाच्या जागा, असं चित्रीकरण असतं. सामानात दोन कॅमेरे, एक ध्वनिमुद्रक, दोन लॅपटॉप, दोन फोन, एक टॅब. दिवसाला १२० ते २०० जीबी माल पडतो.

आजवरची पद्धत अशी: कार्ड लॅपटॉपला लावायचं, तिथून पोर्टेबल डिस्कवर, आणि डोळे उघडे राहिले तर दुसऱ्या डिस्कवर. गेल्या दौऱ्यात एका अख्ख्या दुपारचं फुटेज गेलं. डिस्क बिघडली नाही, कार्डही बिघडलं नाही. मला वाटलं तिने उतरवून घेतलं, तिला वाटलं मी. सकाळी मी कार्ड फॉर्मॅट करून कॅमेऱ्यात घातलं. 'नवीन फोल्डर (३)' नावाचं एक रिकामं फोल्डर तेवढं हाती लागलं.

आता एकच डबा हवाय, म्हणजे छोटा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी साठवण), ज्यात सगळ्यांचं सगळं जाईल आणि दोघांनाही एकाच वेळी दिसेल. विमानात केबिनच्या पिशवीत जावा, किलोभराच्या आत असावा, वीज गेली तर मरू नये, आणि चोरीला गेला तर चोराला काही वाचता येऊ नये. घरी एक मोठा नॅस आहे, त्याच्याशी जमेल तेव्हा जुळवून घ्यावा. कोणी केलंय का असं काही?

आळशी_अभियंता

वाईट वाटलं वाचून. पण भिंगरी, दुखणं एक आणि औषध दुसरं असं चाललंय. फुटेज गेलं ते साठवण कमी पडली म्हणून नाही, कोणी काय केलं याची नोंद नव्हती म्हणून. नॅस आणलात तरी "तू टाकलंस ना?" हा प्रश्न तसाच राहणार.

दोन बऱ्या पोर्टेबल एसएसडी घ्या. एक तुमच्या पिशवीत, एक तिच्या. उतरवलेल्या कार्डाला लाल चिकटपट्टी. संपला विषय. नॅस म्हटला की राउटर आला, अडॅप्टर आला, आणि रात्री अकरा वाजता लॉजच्या खोलीत टर्मिनल उघडून बसणं आलं.

निशिगंध

अभियंत्यांशी पूर्ण सहमत. मी स्वतः असा डबा बांधला होता. सहा महिन्यांत लक्षात आलं की प्रवासात फक्त त्याचीच सेवा करतेय.

पायाला_भिंगरी

पहिला मुद्दा झोंबला, म्हणजे बरोबरच असणार. तरी नेटवर्क का हवं ते सांगतो. रात्री मी लॅपटॉपवर कच्ची जुळणी करत असतो, तेव्हा तिला दिवसभराचे आवाज ऐकून नोंदी करायच्या असतात. डिस्क एक, माणसं दोन. शिवाय फोनवरची चित्रं आणि टॅबवरची संमतीपत्रं कधीच कुठे उतरत नाहीत. ती फोनमध्येच पडून राहतात. आणि कॉपी चालू असताना लॅपटॉप मिटून झोपता येत नाही, हे तर रोजचंच.

खटपट्या

मग बांधाच. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा: कार्ड नेटवर्कवरून पाठवायचं नाही. कार्ड रीडर थेट डब्याला लावायचा.

गणित बघा. गिगाबिट केबलवरून सेकंदाला जास्तीत जास्त ११० एमबीच्या आसपास पडतात. २०० जीबीला अर्धा तास. खोलीतल्या वायफायवरून ५० एमबी मिळाले तरी नशीब, म्हणजे तास उलटून जातो, आणि त्या वेळात लॅपटॉप अडकलेला. रीडर डब्यालाच लावला तर वेग फक्त कार्डाच्या मर्जीवर. साध्या यूएचएस-१ कार्डाला साधारण ९० एमबी धरा, तरी चाळीस मिनिटांच्या आत काम होतं आणि लॅपटॉपचा संबंधच येत नाही. नेटवर्क फक्त बघायला आणि फोनवरचं किरकोळ आणायला ठेवा. त्याला वायफाय भरपूर झालं.

यंत्राचं म्हणाल तर तीन वाटा आहेत. तयार हवा असेल तर आसुस्टोरचा फ्लॅशस्टोर ६ किंवा क्यूनॅपचा नॅसबुक. पहिल्यात सहा, दुसऱ्यात चार एम.२ (थेट बोर्डावर बसणाऱ्या छोट्या) एसएसडी बसतात. छान आहेत, पण हे टेबलावर बसवायचे, पाठीवर घ्यायचे नव्हेत. दुसरी वाट इंटेल एन१०० चा छोटा पीसी. कागदावर ६ वॅटचा प्रोसेसर. अख्खं यंत्र निवांत असताना सात-आठ वॅट खातं आणि जोर लावला की वीसच्या वर जातं. तिसरी वाट रास्पबेरी पाय ५, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक, आणि त्यावर एम.२ चा हॅट (एसएसडी बसवायचा जोडबोर्ड). अधिकृतपणे एसएसडीला पीसीआयई २.० ची एकच लेन (डेटाची वाट) मिळते, म्हणजे सेकंदाला चारशे-साडेचारशे एमबी. तुमच्या कार्डांपुढे तेही चिकार. एसएसडीसकट पाच-सहा वॅटमध्ये भागतं.

तुम्हाला चित्रपट चालवायचे नाहीत, व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात बदलून द्यायचा नाही. फक्त फाइली ठेवायच्यात. माझं मत पाय ५ ला.

आणि एसएसडी घेताना नुसता खोक्यावरचा वेग बघू नका. स्वस्त क्यूएलसी (एका कप्प्यात चार बिट कोंबणाऱ्या) एसएसडी पहिले काही डझन जीबी धावत घेतात, मग आतला कॅशे भरला की शंभराच्याही खाली येतात. तुम्ही एका बैठकीत २०० जीबी ओतणार, म्हणजे रोज त्या खड्ड्यात पडणार. टीएलसी (तीन बिटवाल्या) घ्या.

वायरमन

आता माझ्या खात्याकडे या. फिरत्या नॅसमध्ये सगळ्यात आधी दगा देते ती वीज, डिस्क नव्हे.

पाय ५ ला पूर्ण ताकदीसाठी ५ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. बाजारातले बहुतेक पीडी (यंत्राशी बोलून व्होल्ट ठरवणारे यूएसबी-सी) चार्जर आणि पॉवर बँका ५ व्होल्टवर ३ अँपिअरच देतात. ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी ते २० व्होल्टवर. ३ अँपिअरवर पाय चालू होतो, हसतोही, पण चारही यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. त्यात तुमचा कार्ड रीडर आणि बाहेरची एसएसडी. मोठी कॉपी सुरू झाली की एसएसडी मध्येच गायब होते आणि तुम्ही केबलला शिव्या घालता. यावर इलाज म्हणजे पीडीकडून ९ किंवा १५ व्होल्ट मागून घेऊन ५ व्होल्ट ५ अँपिअर देणारं छोटं कन्व्हर्टर मध्ये बसवायचं.

एन१०० वाल्यांसाठी वेगळा सापळा आहे. ते पीसी बहुधा १२ व्होल्टवर चालतात, म्हणून लोक १२ व्होल्टची ट्रिगर केबल (चार्जरकडून ठरावीक व्होल्ट मागणारी) घेतात. पीडीच्या ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्ट. १२ ऐच्छिक आहे. घरचा चार्जर देतो, लॉजवर उसना घेतलेला देत नाही, आणि पीसी मुका.

तिसरी गोष्ट सगळ्यांसाठी. पॉवर बँक भिंतीला आणि डबा पॉवर बँकेला, अशी माळ लावून तिला यूपीएस समजू नका. वीज जाते किंवा येते तेव्हा बऱ्याच बँका आउटपुट क्षणभर तोडून पुन्हा बोलणी करतात. तो क्षण डब्याला मारायला पुरेसा असतो. वीज गेल्यावर मरणारा नॅस समजू शकतो, वीज आल्यावर मरणारा बघितलाय का कधी? राउटरसाठी मिळतो तो १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बघा, त्यात बॅटरी कायम मार्गातच असते. पुढे १२ वरून ५ करणारं कन्व्हर्टर.

विमानाचं: पॉवर बँक केबिनमध्येच, चेक-इनच्या सामानात नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडवत नाहीत, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर. त्यातले साठेक हाती लागतात. डबा ६ वॅट आणि राउटर ४ वॅट धरला तर सहा तास. अंगावर क्षमता छापलेली नसेल किंवा पुसली गेली असेल तर सुरक्षा तपासणीत थांबवतात, म्हणून तो छोटा यूपीएस घेताना छापील आकडा बघून घ्या.

कोरी_पाटी

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: दोन एसएसडी रेड १ मध्ये (दोन्हीवर तेच लिहिलं जातं अशी जोडी) लावल्या की दोन प्रती आपोआप झाल्या ना? मग वायरमन म्हणतात ती बाहेरची तिसरी कशाला?

आळशी_अभियंता

कोरी_पाटी, प्रश्न बाळबोध नाही, बरेच जाणते इथेच घसरतात. रेड १ मध्ये एक डिस्क मेली तर काम चालू राहतं, एवढंच. चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं. पिशवी चोरीला गेली तर दोन्ही एकाच चोराकडे. डबा पाण्यात पडला तर दोन्ही एकाच पाण्यात. प्रवासात डिस्क मरण्यापेक्षा पिशवी हरवण्याची भीती मोठी. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क वेगळ्या माणसाच्या पिशवीत. भिंगरी, तुम्ही दोघं आहात ही तुमची खरी चैन आहे.

तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक दुसऱ्या गावी, हा ३-२-१ चा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने लोकांच्या तोंडी आणला. फिरणाऱ्या माणसाकडूनच आला तो, सर्व्हर खोलीतून नाही.

(बांधू नका म्हणणारा मी, आणि सल्लेही मीच देतोय. असो.)

डोंगरवाट

जागा जास्त लागते म्हणून मी २.५ इंची हार्ड डिस्क वापरते. त्यात वाईट काय? एसएसडीपेक्षा कितीतरी जास्त मावतं.

खटपट्या

घरच्या कपाटात उत्तम. प्रवासात तीन अडचणी. एक, या मोठ्या २.५ इंची डिस्क बहुतेक एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतात, सलग मोठं लिहिताना मध्येच दम टाकतात. दोन, सुरू होताना १ अँपिअरच्या आसपास ओढतात, वायरमनने सांगितलेल्या ६०० मिलिअँपिअरमध्ये उठतच नाहीत. तीन, तुमचं नाव बघून सांगतो: डिस्कचं हेड फिरत्या तबकडीवर हवेच्या गादीवर तरंगतं, काही नॅनोमीटर उंचीवर. हवा विरळ झाली की गादी पातळ होते. म्हणून चालू स्थितीत साधारण ३,००० मीटरची मर्यादा कंपन्या माहितीपत्रकातच देतात. विमानाच्या केबिनमधला दाब २,४०० मीटरच्या आत ठेवलेला असतो, तिथे चालतं. उंच खिंडीतल्या तंबूत नाही.

डोंगरवाट

बाप रे. ३,५०० वर दोनदा चालवलीय मी. गप्प बसते आता.

चष्मिस

नेटवर्कबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून.

लॉजच्या वायफायला डबा जोडू नका. बऱ्याच ठिकाणी एका पाहुण्याचं यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशी सोय असते. चांगलीच सोय आहे, पण तुमचा लॅपटॉप आणि तुमचा डबाही एकमेकांना दिसत नाहीत. शिवाय लॉगिनचं पान डबा कसा उघडणार? स्वतःचा छोटा प्रवासी राउटर ठेवा, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चालणारा. राउटर लॉजच्या वायफायला जोडायचा, फोनवरून एकदा लॉगिन करायचं, बाकी सगळी यंत्रं राउटरच्या मागे. लॉगिनचं पान येतच नसेल तर राउटरवर बसवलेला स्वतःचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय) थोडा वेळ बंद करा, नव्वद टक्के वेळा तोच आडवा आलेला असतो. आणि लॉजवर इंटरनेट नसलं तरी खोलीतलं तुमचं नेटवर्क चालू राहतं, हा खरा फायदा.

नेटवर्कच्या (आयपी) पत्त्यांची मालिका चारचौघांसारखी ठेवू नका. घरी १९२.१६८.१, लॉजवर १९२.१६८.१, राउटरवरही तेच असेल तर घरचा नॅस शोधताना डेटाचं पाकीट लॉजच्या प्रिंटरकडे जाईल. १०.७३.४१ असलं काहीतरी विचित्र घ्या.

घराशी जोडायला वायरगार्ड, म्हणजे इंटरनेटमधून घरापर्यंतचा कुलूपबंद बोगदा. घरच्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसेल तर टेलस्केल. तेही आतून वायरगार्डच आहे, पण मध्ये भिंती असल्या तरी वाट काढतं, आणि कुठे यूडीपी (वायरगार्ड वापरतो तो वाहतुकीचा प्रकार) बंद असेल तर सुरक्षित संकेतस्थळांच्या ४४३ पोर्टावरून वळसा घालून जातं.

आणि सगळं फुटेज घरी पाठवायचं स्वप्न सोडा. २० एमबीपीएस अपलोडवर १५० जीबीला जवळजवळ सतरा तास लागतात, तेही अखंड मिळाला तर. आवाज आधी पाठवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, दोन ट्रॅक म्हणजे तासाला साधारण एक जीबी. चार तासांची मुलाखत अर्ध्या तासात घरी पोचते. चित्र गेलं तरी आवाजावर मुलाखत तरते. उलटं होत नाही.

एन्क्रिप्शनला लक्स (लिनक्समधलं डिस्कचं कुलूप). पाय ५ मध्ये एईएससाठी (त्या कुलपाचं गणित) हार्डवेअरची मदत आहे, वेगाला धक्का लागत नाही. पाय ४ मध्ये ती नाही, तिथे गूगलच्या मंडळींनी अशाच चिपसाठी केलेला एडियंटम हा पर्याय वापरा. डबा आपला आपण सुरू होऊ द्या, फक्त डेटाचा भाग कुलूपबंद. फोनवरून एसएसएच (दुरून टर्मिनल उघडणं) करून पासफ्रेज टाकायची. किल्ली डब्यातल्याच कार्डावर ठेवणारे महाभाग पाहिलेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

निशिगंध

चष्मिस, तुमचा प्रतिसाद दोन वर्षांपूर्वी मिळाला असता तर माझा डबा अजून जिवंत असता. माझं घोडं त्या लॉगिनच्या पानातच अडलं होतं.

पायाला_भिंगरी

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. पाय ५, ८ जीबीचा. एम.२ हॅटवर ४ टीबी टीएलसी एसएसडी. बाहेर ४ टीबीची पोर्टेबल एसएसडी, जी रात्री काढून तिच्या पिशवीत जाईल. दोन्हीवर लक्स, आत बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम, कारण त्यात प्रत्येक तुकड्याचा चेकसम (बिघाड ओळखायचा पडताळा-आकडा) राहतो. वायरमनच्या सांगण्यावरून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणि कन्व्हर्टर. प्रवासी राउटर. सगळं मिळून साडेआठशे ग्रॅम.

काम असं चालतं: कार्ड रीडरमध्ये घातलं की स्क्रिप्ट जागी होते, आजच्या तारखेचं फोल्डर करते, आरसिंकने (प्रती काढणारा प्रोग्राम) आत आणि बाहेर दोन्हीकडे प्रत काढते, मग कार्ड आणि दोन्ही प्रती पुन्हा वाचून हॅश (फाइलीचा आकड्यातला ठसा) जुळवते. तिन्ही जुळले की डब्यावरचा हिरवा दिवा लागतो. हिरवा दिवा दिसल्याशिवाय फॉर्मॅट नाही. अभियंता, ही तुमची चिकटपट्टी.

वीज गेली तरी सिस्टिम बिघडू नये म्हणून सिस्टिमचं कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवलंय. जे काही लिहिलं जातं ते मेमरीत, बंद केलं की पुसलं.

आळशी_अभियंता

दिवा आवडला. एक खोच सांगतो. लिहून लगेच हॅश काढलात तर लिनक्स ती फाइल डिस्कवरून वाचत नाही, मेमरीतल्या प्रतीवरून वाचतो. म्हणजे आपणच लिहिलेलं आपणच तपासून शाबासकी. २०० जीबीमध्ये बहुतेक भाग मेमरीतून हटलेला असतो, पण शेवटचे चार-सहा जीबी तसेच असतात. जुळवणीआधी एसएसडी उतरवून पुन्हा चढवा.

पायाला_भिंगरी

हे सुचलंच नसतं. केलं.

पायाला_भिंगरी

तीन आठवड्यांनी परत आलोय. डबा दोन दौरे फिरून आला. वीज चार वेळा गेली, डब्याला पत्ताही लागला नाही. वायरमन, दंडवत.

पण एक विचित्र प्रकार झाला, कोणाला उलगडा होतोय का बघा. दुसऱ्या दौऱ्यात पहिल्याच संध्याकाळी वायरगार्ड घराशी जोडेना. घरचा नॅस चालू, इंटरनेट चालू, किल्ल्या त्याच. त्याच रात्री कार्ड लावलं, कॉपी दोन मिनिटांत 'पूर्ण', आणि हिरवा दिवा काही लागेना. अर्धा तास दिव्याची वायर तपासत बसलो. मग नोंदी उघडल्या तर हॅश जुळत नव्हते. फोल्डर उघडून बघतो तर आत मागच्या दौऱ्यातल्या पहिल्या दिवसाचं फुटेज!

कार्डावर माल शाबूत होता, म्हणून हातानेच उतरवला. पण झालं काय?

चष्मिस

डब्याला तारीख विचारली का?

पायाला_भिंगरी

आत्ता विचारली. तीन आठवडे मागे आहे. :(

चष्मिस

मग दोन्ही कोडी एकच आहेत.

पाय ५ वर घड्याळाची चिप आहे, पण तिची बॅटरी वेगळी लावावी लागते. तुम्ही लावली नसणार. बॅटरी नसेल तर बंद होताना वेळ एका फाइलीत लिहून ठेवतात आणि सुरू होताना तिथून पुढे मोजतात. तुम्ही मात्र सिस्टिमचं कार्ड फक्त वाचण्यापुरतं केलंत. ती फाइलही मेमरीत लिहिली गेली आणि पुसली गेली. म्हणून डबा दर वेळी त्याच दिवशी जागा होतो, ज्या दिवशी तुम्ही ते कार्ड गोठवलंत.

वायरगार्ड प्रत्येक नव्या जोडणीत वेळेचा शिक्का पाठवतो. समोरचा शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो, त्याहून जुना आला की निमूटपणे फेकून देतो. जुनं पाकीट पकडून कोणी पुन्हा पाठवू नये म्हणून ही खबरदारी. घरच्या नॅसच्या दृष्टीने तुमचा डबा भूतकाळातून बोलत होता. सगळी रहदारी बोगद्यातूनच जाईल अशी मांडणी असेल तर वेळ विचारायला बाहेरही पडता येत नाही. वेळ नाही म्हणून बोगदा नाही, आणि बोगदा नाही म्हणून वेळ नाही.

पहिल्या दौऱ्यात हे दिसलं नाही, कारण कार्ड नुकतंच गोठवलेलं होतं आणि डबा बहुधा तुम्ही बंदच केला नाहीत.

फोल्डरचं तर सरळ आहे. जुनी तारीख, म्हणजे जुनंच फोल्डर. तुमचा कॅमेरा फॉर्मॅटनंतर फाइलींचे क्रमांक १ पासून सुरू करत असेल तर नावंही तीच. आरसिंकला तुम्ही 'आधीच असलेल्या फाइलीला हात लावू नकोस' सांगितलं होतं का?

पायाला_भिंगरी

सांगितलं होतं. म्हणून त्याने काहीच केलं नाही आणि 'पूर्ण' म्हणाला.

चष्मिस

सांगितलं नसतं तर मागच्या दौऱ्याचा पहिला दिवस दोन्ही प्रतींवरून पुसला गेला असता. तो घरी उतरला होता?

पायाला_भिंगरी

आवाज उतरला होता. चित्र नाही.

आळशी_अभियंता

भिंगरी, त्या दिव्याला हार घाला.

आणि फोल्डरचं नाव घड्याळावरून ठेवूच नका. एक साधा चढता आकडा ठेवा, तो डेटाच्या एसएसडीवरच लिहा, सिस्टिमच्या कार्डावर नाही. कार्ड ००१४२, कार्ड ००१४३. त्यापुढे तारीख शोभेला असू दे. घड्याळ चुकलं तरी आकडा मागे जात नाही. बॅटरी तर लावाच, आणि वेळ विचारणारी पाकिटं बोगद्याबाहेरून जाऊ द्या.

पायाला_भिंगरी

तिन्ही गोष्टी केल्या. मुद्दाम दोन दिवस बंद ठेवून पुन्हा सुरू केला, वेळ बरोबर, घराशी पहिल्या फटक्यात जोडला.

आवाजवाली

मी यांची 'ती'. धागा आज वाचला. "मला वाटलं तिने उतरवलं" हे जरा सौम्य लिहिलंय, पण राहू दे.

तक्रार एकच. डब्याचा पंखा. हे रात्री कार्ड लावतात आणि मी त्याच खोलीत निवेदन मुद्रित करत असते. पंखा वर-खाली होतो, सुरू-बंद होतो, त्यामुळे नंतर आवाज साफ करताना तो निघतही नाही. एकसुरी असता तर काढता आला असता. पंख्याशिवाय चालतं का हे?

खटपट्या

चालतं. जाड ॲल्युमिनियमचं, अख्खं खोकंच उष्णता बाहेर टाकतं असलं आवरण मिळतं. पाय ५ तापून ८० अंशांवर जाईपर्यंत वेग कमी करत नाही. तुमच्या कामात प्रोसेसरला ताण फक्त हॅश काढताना. एसएसडीलाही थर्मल पॅडने त्याच धातूला टेकवा, ती जास्त तापते. फक्त चालू असताना कपड्यांच्या पिशवीत ठेवू नका.

आवाजवाली

बसवलं. बंद खोलीत चाळीस मिनिटांच्या कॉपीनंतर ६८ अंश. पंखा काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

आता राउटरचा अडॅप्टर बारीक शिट्टी घालतो, हे लक्षात आलंय. पंखा होता तोवर ऐकू येत नव्हती.

वायरमन

मुद्रण चालू असेल तेवढा वेळ राउटर पॉवर बँकेवर ठेवा. नुसता राउटर तिच्यावर रात्रभर सहज निघेल.